घाटातील परतीची वीज : मुंबईच्या विद्युत रेल्वेतील पॉवर इलेक्ट्रॉनिक्स

विद्युत वाहनांवरील अलीकडच्या लेखनात, ब्रेक लावताना वीज परत मिळविण्याची क्रिया ही पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची देणगी म्हणून सांगितली जाते. मुंबईच्या रेल्वेचा इतिहास पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची विजेवरील पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली. तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. ही निवड त्या काळी सयुक्तिकच म्हणावी लागेल. एकदिश मोटर उभ्या गाडीला ओढण्यासाठी भरपूर जोर देते आणि रोधकांच्या साह्याने तिला आवरता येते. त्रिकला प्रेरण मोटरचा वेग हवा तसा बदलावयाचा तर वारंवारता बदलावी लागते. ते काम धावत्या गाडीत करणारे सुटसुटीत साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

१९२९ मध्ये पुण्यापर्यंत व १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण पोहोचले. भोर व थळ घाटांतील १:३७ च्या चढावासाठी आलेल्या स्विस रचनेच्या मालगाडी इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालत आणि तयार झालेली वीज तारेत परत जाई. यात अर्धसंवाहकाचा मागमूसही नव्हता. मात्र ती वीज घेणारे कोणी तरी हवे. चढणारी गाडी त्याच वेळी जवळपास असली तर उत्तम. नसली आणि उपकेंद्रातील एकदिशकारक एकाच दिशेने वीज वाहू देणारा असला, तर तिला पुढे वाट नसे. उपनगरी गाड्यांची स्थिती तर याहून विपरीत होती. दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा निघताना वीज रोधकांत तापून वाया जाई.

ही कोंडी अर्धसंवाहकाने फोडली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५७ मध्ये थायरिस्टर सिद्ध झाला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्याच कंपनीत आयजीबीटी विकसित करण्यात बी. जयंत बालिगा यांचा वाटा मोठा होता. मद्रासच्या आयआयटीचे हे पदवीधर २०२४ च्या मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्काराचे मानकरी ठरले. आता वारंवारता हवी तशी घडविता येऊ लागली आणि त्रिकला प्रेरण मोटर रुळांवर आली. भारतीय रेल्वेत ती १९९० च्या दशकाच्या मध्यास एबीबीच्या इंजिनांतून आली, तर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून अशा मोटरींच्या नव्या गाड्या धावू लागल्या. ब्रेक लावताना या गाड्याही वीज परत देतात, पण तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असेल तर ती रोहित्रातून थेट जाळ्यात जाऊ शकते. चढणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. विद्युत मोटारीत हेच काम बॅटरी करते, एवढाच फरक.

तारेतील बदलाला मात्र वेळ लागला. २५,००० व्होल्टला तितक्याच शक्तीसाठी प्रवाह सुमारे सतरावा हिस्साच लागत असल्याने तारा हलक्या आणि उपकेंद्रे विरळ चालतात. तरी रोज लाखो प्रवाशांची वाहतूक चालू ठेवून रूपांतर करणे भाग होते. म्हणून २००७ च्या गाड्या दोन्ही प्रवाहांवर चालतील अशा बनविल्या गेल्या. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ मध्ये संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये. १९२५ मध्ये जेथून आरंभ झाला त्या हार्बर मार्गावरील १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये, बंद झाला.