‘ऐका, पण नेऊ नका’: एका बटणाची कुळकथा

संगीतकार आपली रचना संकेतस्थळावर ठेवतो, तेव्हा तिथे बहुधा ‘प्ले’चं बटण असतं आणि ‘डाउनलोड’चं नसतं. ऐकणं वेगळं आणि उतरवून घेणं वेगळं, ही दोन निराळी तंत्रं आहेत, असा आपला समज त्यातून होतो. प्रत्यक्षात ‘प्ले’ दाबलं की गाणं काही काही सेकंदांच्या तुकड्यांत आपल्या यंत्रात येऊ लागतं. ब्राउझर दोन-चार तुकडे आधीच आणून स्मृतीत ठेवतो, वाजवतो आणि वाजून झाले की टाकून देतो. म्हणजे गाणं आपल्याकडे येतंच, फक्त ते ठेवलं जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यानेही 2012 च्या दुरुस्तीत हे ओळखलं आहे. पाठवण्याच्या तांत्रिक प्रक्रियेत आपोआप होणारी क्षणिक साठवण उल्लंघन मानू नये, असं त्यात म्हटलं आहे. ऐकणं आणि नेणं यांच्यातली रेघ यंत्राने आखलेली नाही. ती कलावंताच्या इच्छेने आखलेली आहे, आणि तिचा इतिहास पाहिला तर ती जेवढी इच्छा म्हणून राहिली तेवढीच टिकली, असं माझं म्हणणं आहे.

इंटरनेटवर स्वतःचं संगीत ठेवण्याची सुरुवात झाली तेव्हा ही रेघ नव्हतीच. 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथल्या विद्यार्थ्यांनी ‘इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह’ सुरू केलं. कुठल्याही कंपनीशी करार नसलेल्या वाद्यवृंदांना श्रोते मिळावेत, एवढाच त्यामागचा हेतू. लोकांनी गाणं उतरवून नेलं की काम फत्ते झालं, अशी तिथली भावना होती. अडचण वेगळीच होती. चार मिनिटांचं गाणं एमपी3 स्वरूपात दाबून साधारण चार मेगाबाइटचं केलं, तरी सेकंदाला 14.4 किलोबिट वेगाच्या मोडेमवरून ते यायला अर्धा तास सहज लागे. या वाट पाहण्यावर तोडगा म्हणून 1995 मध्ये सिॲटलच्या ‘प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स’ने ‘रिअलऑडिओ’ आणलं. आवाजाचा दर्जा खाली आणायचा, पण येता येताच वाजवायला लागायचं, ही त्याची युक्ती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सिॲटल आणि न्यूयॉर्कच्या संघांमधला बेसबॉलचा सामना लोकांनी इंटरनेटवरून थेट ऐकला. आज ज्या स्ट्रीमिंगकडे चोरीवरचा उपाय म्हणून पाहिलं जातं, ते मंद मोडेमवरचा उपाय म्हणून जन्मलं, ही या कुळकथेतली सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे.

‘नेऊ नका’ हा भाग त्याला नंतर जोडला गेला आणि तो कसा जोडला गेला हे जवळून पाहण्यासारखं आहे. रिअलऑडिओच्या फाइलमध्ये एक छोटीशी खूण असे, तिचं नाव ‘कॉपी स्विच’. श्रोत्याला प्रत ठेवू द्यायची की नाही, हे गाण्याचा मालक त्या खुणेतून ठरवी. ती फाइल वाजवणारा प्रोग्राम, रिअलप्लेअर, ती खूण वाचून पाळत असे. आजच्या संकेतस्थळांवर गाणं चढवताना दिसणाऱ्या ‘डाउनलोडची परवानगी द्या’ या पर्यायाचा पूर्वज मी या खुणेत पाहतो. पण पाळणारा प्लेअर असेल, तरच खुणेला अर्थ. ‘स्ट्रीमबॉक्स व्हीसीआर’ नावाच्या प्रोग्रामने सर्व्हरला आपण रिअलप्लेअरच आहोत असं भासवलं, गाणं मागून घेतलं आणि खुणेकडे दुर्लक्ष करून ते साठवलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2000 मध्ये सिॲटलच्या न्यायालयाने या प्रोग्रामला मनाई केली. तंत्राला जे जमलं नाही ते अखेर कायद्याला करावं लागलं.

याच सुमारास मोठ्या संगीत कंपन्यांनी इच्छेच्या जागी कुलूप बसवायला घेतलं. लोकांना एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट उतरवू देणाऱ्या नॅपस्टरमुळे त्या हादरल्या होत्या, त्यांची भीती खोटी नव्हती. सप्टेंबर 2000 मध्ये कंपन्यांच्या एका संयुक्त उपक्रमाने आपल्या गुप्त ध्वनिखुणा मोडून दाखवा, असं जाहीर आव्हान दिलं. प्रिन्सटन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन यांच्या गटाने त्या मोडल्या, तेव्हा निबंध प्रसिद्ध केल्यास खटल्याला तोंड द्यावं लागेल, असा इशारा त्यांनाच मिळाला. 2005 मध्ये तर सोनी बीएमजीच्या सीडीतून खरेदीदारांच्या संगणकात लपून बसणारा प्रोग्राम शिरत असल्याचं संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. पैसे मोजणाऱ्याला त्रास आणि फुकट उतरवणारा मोकळा, असा तो उलटा न्याय होता. फेब्रुवारी 2007 मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ही कुलपं काढण्याच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं आणि 2009 मध्ये ॲपलच्या आयट्यून्स दुकानाने सगळ्याच गाण्यांवरची कुलपं काढली.

यावर कुणी म्हणेल, आजच्या मोठ्या सेवा गाणी सांकेतिक रूपातच पाठवतात आणि त्या चालतात, मग कुलूप फसलं कसं? त्या चालतात, कारण महिन्याच्या थोड्या पैशांत हवं ते गाणं विनासायास मिळतं. चोरून मिळवण्याचे कष्टच उरत नाहीत. कुलूप कितीही पक्कं असो, गाणं कानापर्यंत पोचायला आवाज बाहेर पडावाच लागतो आणि बाहेर पडलेला आवाज मुद्रित होतोच. एकट्या संगीतकाराची गोष्ट आणखी निराळी. पानावर राइट-क्लिक बंद केल्याने जाणकार अडत नाही, नवखा श्रोता मात्र वैतागतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळाची रीत मला यापेक्षा शहाणपणाची वाटते. ऐकायला साधारण दर्जाची प्रत, विकत घेतली की उत्तम दर्जाची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुलूप नसलेली विनंती म्हणजे दात नसलेली विनंती, असं म्हटलं जातं. पण रचना ध्वनिमुद्रित होताच आपल्या देशात तिला कॉपीराइट लाभतो. त्यासाठी ना नोंदणी लागते, ना कुलूप. तांत्रिक बंधन मोडण्याची शिक्षा कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ मध्ये आहे. नुसतं बटण लपवणं हे असं परिणामकारक बंधन ठरेल का, यावर वाद होऊ शकतो. मात्र परवानगीवाचून प्रत काढून ती विकणं वा वाटणं हे बटण असो वा नसो, उल्लंघनच आहे.

कलम 65ब मला त्याहून मोलाचं वाटतं. कृतीवरची हक्कविषयक माहिती, म्हणजे कर्त्याचं नाव, मालकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी, हे सारं जाणूनबुजून परवानगीवाचून पुसणं तिथे गुन्हा मानलं आहे. या नाव लावण्याला भारतीय ध्वनिमुद्रणात जुना आधार आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाताना शेवटी स्वतःचं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून, असं सांगतात. 1996 मध्ये एमपी3 फाइलला नावाची चिठ्ठी जोडण्याची सोय निघाली, तीही फाइलच्या शेवटीच. जेमतेम 128 बाइटची जागा, त्यात गाण्याच्या नावाला 30 आणि कलाकाराच्या नावाला 30. मूळ रचना लोकांपुढे ठेवणाऱ्याने ही जागा रिकामी सोडू नये, अटी गाण्याच्या पानावर साध्या भाषेत लिहाव्यात आणि चढवलेलं गाणं नव्याने दाबताना ही चिठ्ठी गळू देणाऱ्या संकेतस्थळांकडे ती शाबूत ठेवण्याची मागणी करावी. राइट-क्लिक बंद करण्यात घालवलेला वेळ इथे द्यावा.