आगबोटींच्या उतारू-याद्या आणि मराठी प्रवासी

परदेशी गेलेल्या मराठी स्त्री-पुरुषांची चरित्रे आपल्याकडे थोडी नाहीत. घरचा विरोध, समुद्रपर्यटनाचा धार्मिक वाद, पैशांची जुळवाजुळव, बोटीवरील अन्नाचे हाल, हे सारे त्यांत विस्ताराने येते. परंतु आगबोट धक्क्याला लागल्यावर उतारूला कोणी काय विचारले आणि कोणत्या कायद्यान्वये उतरू दिले, याविषयी चरित्रकार बहुधा मौन पाळतात. अमेरिकेस गेलेल्यांपुरती ही उणीव भरून काढावयाची तर अभ्यासकाने प्रथम चिनी उतारूंची दप्तरे वाचली पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

६ मे १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. त्या कायद्याच्या आठव्या कलमान्वये चिनी उतारूंची स्वतंत्र यादी जकात अधिकाऱ्याच्या हवाली करण्याचे बंधन कप्तानावर आले, आणि मजुरास आणल्यास दरडोई ५०० डॉलरपर्यंत दंड ठरला. १८८० च्या तहातील सवलतीमुळे विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी व हौशी प्रवासी यांना मात्र मोकळीक होती; तथापि त्यांनाही वय, उंची, शरीरावरील खुणा व व्यवसाय नमूद केलेला दाखला सादर करावा लागे. मनुष्य कोणत्या देशाचा आहे याच्या जोडीला तो कोणत्या वर्गाचा आहे हे पाहण्याची ही पद्धत येथे रूढ झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच.

आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हा कायदा जेमतेम तेरा महिन्यांचा होता. तो चिन्यांपुरता असल्याने त्यांना लागू नव्हता. मात्र आधीच्या, १८७५ च्या एका कायद्यात चीन व जपान यांच्यासह 'कोणताही पौर्वात्य देश' असे शब्द आहेत, आणि त्याचा रोख विशेषतः एकट्या येणाऱ्या स्त्रियांवर होता. त्या शब्दांच्या कक्षेत कल्याणची ही अठरा वर्षांची विद्यार्थिनीही येऊ शकत होती, हे आपल्या चरित्रग्रंथांच्या फारसे ध्यानात आलेले नाही. पुढे १८९९ पासून याद्यांत 'वंश' हा रकाना आला. डॉ. केतकर १९०६ मध्ये आणि डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये अमेरिकेस गेले ते या रकान्याच्या काळात. त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावर उतरणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना 'सार्वजनिक भार होण्याचा संभव' या कारणाखाली परत पाठविले जात होते.

५ फेब्रुवारी १९१७ चा कायदा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. त्यात हिंदुस्थानचे नाव नाही. आशिया खंडातील निषिद्ध प्रदेश अक्षांश-रेखांशांनी आखला आहे. पूर्व रेखांश ५० ते ११० यांमधील आणि उत्तर अक्षांश ५० च्या दक्षिणेकडील भूमी निषिद्ध, इराणकडील एक तुकडा तेवढा वगळून. मुंबई, वसई, कल्याण सारेच त्या चौकटीत पडले. परंतु अपवादांची यादी वाचावी: विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी, हौशी प्रवासी. चिन्यांसाठी १८८० मध्ये मान्य झालेले वर्गच येथे विस्ताराने पुन्हा आले आहेत. शिवाय अपवादाच्या वर्गातून जो बाहेर पडेल त्याचे वास्तव्य बेकायदेशीर, अशी अट आहे. म्हणजे १९१७ नंतरचा मराठी विद्यार्थी ज्या सवलतीने उतरला, ती मुळात चिनी विद्यार्थ्यासाठी ठेवलेली होती.

या साधनांच्या विश्वसनीयतेविषयीही चिनी दप्तरांपासून शिकण्यासारखे आहे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मदप्तरे जळाली आणि कागदोपत्री नाते सांगून येणाऱ्या 'कागदी पुत्रां'ची संख्या वाढली. म्हणून १९१० मध्ये सुरू झालेल्या एंजल बेटावरील ठाण्यात गावात घरांच्या रांगा किती, विहीर कोणत्या दिशेला, असे प्रश्न विचारीत. उतारू उत्तरे पाठ करून येत. दोन जबान्या तंतोतंत जुळल्या तर त्या खऱ्याच असल्या पाहिजेत असे धरून चालणे येथे घातक ठरते. हाच निकष 'विद्यार्थी' या शब्दालाही लावला पाहिजे. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, १९१४ मध्ये गदर पक्षाच्या कार्यासाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. व्यवसायाच्या रकान्यातील एका शब्दात असे आयुष्य मावत नाही.

अपवादात न बसणाऱ्या मराठी माणसाचा शोध मात्र उतारूंच्या याद्यांत घेऊन चालणार नाही. रत्नागिरीकडील खलाशी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर मोठ्या संख्येने होते. त्यांची नावे बोटीवरील नोकरांच्या यादीत असतात. ही नावे इंग्रज अधिकाऱ्याने कानावर पडतील तशी लिहिलेली असल्यामुळे, त्या याद्या वाचणाऱ्यास कोकणातील गावांची व आडनावांची चांगली माहिती असणे आवश्यक आहे.