परसांतील विषपुष्पें आणि त्यांचीं नांवें

माझ्या लहानपणची गोष्ट आहे. महाशिवरात्रीच्या सकाळीं आजीनें माझ्या धाकट्या बहिणीला परसांतून बेल आणि धोतऱ्याचीं फुलें आणावयास पाठविलें. परडी भरून ती परत आली, तेव्हां आजी प्रथम म्हणाली ती ही गोष्ट, कीं "आधीं हात धू, आणि धुईपर्यंत डोळ्याला लावूं नकोस." मुलें वडीलधाऱ्यांच्या आज्ञा जशा पाळतात तशी बहिणीनें ती पाळली. दुपारीं आई तिची वेणी घालीत असतां एकदम ओरडली. मुलीच्या डाव्या डोळ्याची बाहुली वाटाण्याएवढी मोठी झाली होती आणि उजवी होती तशीच होती. घरांत एकच गोंधळ उडाला. आजी मात्र शांत होती. "धोतरा आहे तो. उतरेल दोन दिवसांत," एवढेंच ती बोलली आणि खरोखर तसेंच झालें. ह्या प्रसंगाची आठवण मला अलीकडे एका निराळ्या कारणानें झाली. तें कारण पुढें येईलच.

आपल्या जुन्या घरांच्या परसाकडे जरा बारकाईनें पाहिलें तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. आयुर्वेदांत उपविषांची जी प्रसिद्ध गणना आहे, तींत सात वस्तु येतात : रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. ह्यांतली अफू सोडली तर बाकीचीं सहा परसांत, कुंपणावर अथवा वेशीबाहेरच्या बांधावर सांपडणारीं. त्यांपैकीं धोतरा आणि कण्हेर महादेवाला, रुईच्या पानांची माळ शनिवारीं मारुतीला, आणि कळलावीचीं तांबडीं-पिवळीं फुलें भाद्रपदांत गौरीला वाहिलीं जातात. गुंज सोनाराच्या तराजूंत जाऊन बसली. हालाहल प्राशन करणाऱ्या देवाला विषारी फूलच प्रिय असणार, असें ह्याचें स्पष्टीकरण कीर्तनकार देतात. तें गोड आहे, पण मला पुरेसें वाटत नाहीं. जें फूल देवाचें ठरलें तें पोरांनीं खेळावयास घ्यावयाचें नसतें, तोंडांत तर घालावयाचेंच नसतें. तें कोणीं, केव्हां आणि कसें तोडावें ह्याचे नियम असतात आणि दुसऱ्या दिवशीं निर्माल्य म्हणून तें घराबाहेर जातें. विषारी झाड दाराशीं ठेवून त्याच्यापासून दूर राहण्याची ह्याहून सोपी युक्ति सुचणें कठीण आहे.

ह्या युक्तीला दुसरी जोड होती ती नांवांची. अमरकोशांत धोतऱ्याचीं नांवें वाचतांना आपण वनस्पतिवर्ग वाचतों आहों कीं एखाद्या कोतवालाची नोंदवही, असा भ्रम पडतो. उन्मत्त, म्हणजे वेडा. कितव, म्हणजे जुगारी किंवा ठक. धूर्त, म्हणजे लबाड. ह्याच मालिकेंत "मातुल" हेंहि एक नांव आहे. मामाला तेथें कां ओढलें तें कोशकारच जाणे, पण शकुनीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कण्हेरीला त्याच कोशांत "हयमारक", घोडा मारणारी, असें म्हटलें आहे. मराठी माणसानें तर कळलावी ह्या एकाच शब्दांत सगळें सांगून टाकलें. तिच्या कंदाचा उपयोग प्रसूतीच्या कळा आणण्यासाठीं करीत, आणि ती घरांत आणली तर घरांत कळ लागते, अशी समजूतहि रूढ झाली. त्या समजुतीला हंसणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें, कीं तिच्यामुळें तो कंद घरांतील रताळ्यांच्या टोपलींत कधीं पडला नाहीं.

परदेशी माणसानें आपल्याकडच्या धोतऱ्याची सविस्तर हकीकत छापली ती गोव्यांत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. मुंबई बेटहि पुढें त्याच्याकडे खंडानें होतें. १५६३ सालीं गोव्याच्या छापखान्यांतून त्याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ बाहेर पडला. त्यांत एक संवाद सबंध धोतऱ्यावर आहे. अन्नांतून धोतरा घालून घरांत चोरी झाल्याचा प्रसंग त्यांत येतो. धोतरा पोटांत गेलेला माणूस हंसत सुटतो, मोठा उदार होतो आणि डोळ्यांदेखत कोणी दागिने उचलून नेले तरी त्याला कांहीं वाटत नाहीं, असें वर्णन ओर्तानें केलें आहे. मला ह्या संवादांत विशेष वाटतें तें हें, कीं यूरोपांत शिकलेला हा पंडित येथील फुलाला येथीलच नांवानें ओळखतो. धूर्त म्हणून आपण ज्याला शतकानुशतकें हांका मारल्या, त्याला त्यानें धूर्त म्हणूनच आपल्या देशबांधवांना भेटविलें. त्याच्या स्वतःच्या वांट्याला मात्र पुढें फार वाईट आलें. त्याचें घराणें मूळचें यहुदी. १५६८ सालीं तो वारला आणि १५८० सालीं इन्क्विझिशननें त्याचीं हाडें उकरून जाळलीं.

ओर्ताच्या ग्रंथानंतर वीस वर्षांनीं गोव्यांत येऊन राहून गेलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन ह्यानें १५९६ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत धोतऱ्याला अधिक चटकदार जागा दिली. गोव्याच्या स्त्रिया नवऱ्यांना धोतरा पाजून त्यांच्या समोरच आपले विलास चालवितात, असें तो लिहितो. प्रवाशांना असल्या कहाण्या लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. त्यांतला किती भाग त्यानें पाहिला आणि किती बंदरावर ऐकला, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. त्याच्या मानानें मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्याचें काम शंभरपट भरींव आहे. त्याचा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. दुसऱ्या खंडांत धोतरा "हुम्मतु" ह्या मलबारी नांवानें आला आहे, आणि त्या शब्दांत अमरकोशांतला "उन्मत्त" थोडा वेष पालटून उभा आहे हें कोणालाहि दिसेल. ह्या ग्रंथाच्या कामांत इट्टी अच्युतन् ह्या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. निघंटूच्या आधारें आपण वनस्पतींची माहिती दिली असें त्यांचें कोंकणी भाषेंतलें, नागरी लिपींतलें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. एवढ्या जुन्या काळीं नागरी अक्षर छापलें गेलें तें वनस्पतींसाठीं, हें आपण विसरतों.

पुढें लिनीअसनें १७५३ सालीं धोतऱ्याचा जो सर्व जगानें मान्य केलेला शास्त्रीय नामविधि केला, त्यांतहि "दतुरा" हें संस्कृत नांवच कायम राहिलें. कंपनीच्या राज्यांत ह्या नांवाची अपकीर्ति फार वाढली. नॉर्मन चेव्हर्स ह्या डॉक्टरानें १८५६ सालीं बंगाल व वायव्य प्रांतांसाठीं न्यायवैद्यकाचा जो ग्रंथ लिहिला, त्यांत वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांची हकीकत आहे. सरायांत ओळख काढावयाची, शिधा एकत्र शिजवावयाचा, आणि माणूस बरळूं लागला कीं त्याचें गांठोडें घेऊन पसार व्हावयाचें. शुद्धीवर आलेल्याला बहुधा कांहीं आठवत नसे, त्यामुळें साक्ष कोण देणार! गंमत अशी, कीं ज्याला आपण इतकें आपलें म्हणतों, त्या धोतऱ्याचें कूळ मूळचें अमेरिकेंतलें असावें असें आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. तो आपल्याकडे कोलंबसाच्या कितीतरी आधीं होता हें संस्कृत ग्रंथांतल्या उल्लेखांवरून सिद्ध होतें असा पक्ष २००७ सालच्या एका शोधनिबंधांत मांडला आहे. तो येथें पोंचला कसा, हें कोडें सुटलेलें नाहीं. आला कोठूनहि असो, येथें येतांच त्याला वेडा, ठक, लबाड हीं नांवें मिळालीं, म्हणजे त्याची पारख झाली.

जीं झाडें नंतर आलीं त्यांच्या नशिबीं ही पारख नव्हती. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेंतली. आज ती देवळाशेजारीं इतकी रुळली आहे कीं ती परकी आहे हें सांगूनहि पटत नाहीं. तिच्या बियांतलें विष थेट हृदयावर काम करतें, आणि त्याच बियांचीं फळें मुलें आजवर खेळावयास घेत आलीं आहेत. लिनीअसनें तिला प्रथम ठेवलें तें "सेर्बेरा" ह्या वंशांत. ग्रीकांच्या पुराणांत नरकाच्या दाराशीं बसलेला सेर्बेरस नांवाचा कुत्रा आहे, त्याचें हें नांव. आपल्याकडचे यमाचे दोन कुत्रे आठवावेत, म्हणजे ह्या नांवांतला इशारा कळेल. पण पुढें तिचा वंश निराळा काढला गेला आणि त्याला १५५५ सालीं ब्राझीलला गेलेल्या आंद्रे तेव्हे ह्या फ्रेंच साधूचें नांव मिळालें. १८३८ सालीं राफिनेस्कनें सुचविलेलें जें नांव आज रूढ आहे, त्याचा अर्थ तर खुळखुळा! नरकाच्या कुत्र्याचा खुळखुळा व्हावयास शंभर वर्षेंहि लागलीं नाहींत.

हाच प्रकार धोतऱ्याच्या त्या लोंबत्या फुलांच्या भावंडाचा झाला. धोतऱ्याचें फूल वर तोंड करून उभें राहतें, फळाला कांटे असतात आणि झाड फार तर कमरेएवढें वाढतें. ह्याचें लांकडी झाड चांगलें डोक्याच्या वर जातें, वीतभर लांबीचीं, पांढरीं, पिवळीं अथवा गुलाबी फुलें घंटेसारखीं खालीं लोंबतात आणि दिवेलागणीला त्यांचा वास सुटतो. त्याची जन्मभूमि दक्षिण अमेरिका. लुई फेय्ये ह्या फ्रेंच साधूनें १७१४ सालीं त्याचें चित्र व वर्णन प्रसिद्ध केलें. लिनीअसनें त्याला धोतऱ्याच्याच वंशांत, "वृक्ष-दतुरा" ह्या अर्थाच्या नांवानें बसविलें. १८०५ सालीं पर्सूननें तें बाहेर काढून लायडनचे प्राध्यापक ब्रुग्मान्स ह्यांच्या नांवें "ब्रुग्मान्सिया" केलें. तें पुनः धोतऱ्यांत गेलें आणि १९७३ च्या लॉकवूडच्या अभ्यासानंतर कायमचें वेगळें झालें. शास्त्राच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. माझी तक्रार शास्त्राशीं नाहीं. त्याच्या मायदेशीं स्पॅनिश बोलणारे लोक त्याला "बोर्राचेरो", म्हणजे झिंगविणारें, असें म्हणतात. पण रोपांच्या बाजारांत येतांना तें "एंजल्स ट्रम्पेट", देवदूताची तुतारी, होऊन आलें. वेड्याचें आणि झिंगविणाऱ्याचें झाड असें पाटीवर लिहून कोण विकणार?

ह्या झाडाविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीप्रमाणें ह्याच्या सर्व जाती रानांतून नाहींशा झाल्या आहेत. तीं झाडें आज जीं काय आहेत तीं माणसाच्या दाराशीं, कुंपणाशीं आणि कुंडींत. तेव्हां विषारी म्हणून उपटून टाका असें मीं कोणाला सांगणार नाहीं. लावणें सोपें आहे. पावसाळ्याच्या आरंभीं जून फांदीचा वीतभर तुकडा खोंचला कीं फुटतो. पाणी आणि खत भरपूर लागतें. आपल्याकडचें दुपारचें ऊन त्याला सोसत नाहीं, पाने मान टाकतात. छाटल्यावर हात साबणानें धुवावेत, छाटलेलें गुरांपुढें टाकूं नये, आणि लहान मूल असलेल्या घरांत तें मुलाच्या हाताच्या टप्प्यांत ठेवूं नये.

हें सारें मला आठवावयाचें कारण आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत घडलें. त्यांच्या गच्चींत कुंडीतलें असेंच झाड दिवाळीच्या सुमारास फुलांनीं लगडलें होतें. एका संध्याकाळीं त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाच्या उजव्या डोळ्याची बाहुली एकाएकीं मोठी झाली. मुलाला तातडीनें इस्पितळांत नेलें. मेंदूंत गांठ असेल, रक्तस्राव असेल, असे तर्क सुरू झाले. मोठ्या यंत्रांत घालून डोक्याचीं चित्रें काढलीं गेलीं. आईनें सबंध रात्र बांकावर बसून काढली. सकाळीं नेत्रवैद्यानें बाहुली आकसविणाऱ्या औषधाचा थेंब डोळ्यांत घातला, पण बाहुली हलली नाहीं. तेव्हां त्यानें विचारलें, "ह्याच्या डोळ्यांत कांहीं गेलें होतें काय? घरांत झाडें कोणतीं आहेत?" मुलानें दुपारीं खालीं पडलेल्या फुलांची तुतारी करून वाजविली होती आणि मग डोळा चोळला होता. तोंडावाटे पोटांत कांहीं गेलें नाहीं, हेंच नशीब.

तिसऱ्या दिवशीं मुलगा बरा होऊन खेळूं लागल्यावर मी त्यांच्या घरीं गेलों. कुंडीला रोपवाटिकेची चिठ्ठी अजून बांधलेली होती. तीवर ऊन किती, पाणी किती, खत केव्हां, सर्व कांहीं छापलेलें होतें. मुलाच्या आजीबाई माझ्याहून दोन-चार वर्षांनीं वडील. त्यांनीं चष्मा लावून तें फूल उलटसुलट करून पाहिलें, देठाशीं पांच दातांचा पेला पाहिला, पान चुरगळून वास घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "अगो, हा तर धोतरा! खालीं तोंड केलंय एवढंच. मला आधीं कोणी सांगितलं असतं तर!" मग त्या मोरीवर हात धुवावयास गेल्या.