कोरफड : उपयोगांचा इतिहास

(हिं. घीकुंवार; सं. कुमारी, घृतकुमारी, लॅ. ॲलो व्हेरा, कुल-ॲस्फोडेलेसी, पूर्वी समावेश लिलिएसीत). मांसल, काटेरी कडांच्या पानांची ही बहुवर्षायू ओषधी मूळची अरबी द्वीपकल्पातील असून भारतात फार पूर्वीपासून लागवडीत आहे. तिच्या पानापासून दोन भिन्न पदार्थ मिळतात. सालीलगतच्या कोशिकांतून पिवळा, अतिशय कडू चीक पाझरतो. आतील बिनरंगी, बुळबुळीत गरात सु. ९९% पाणी व उरलेल्या भागात प्रामुख्याने बहुशर्करा असतात. चीक तीव्र रेचक, तर गर त्वचेस शामक आहे. हा भेद लक्षात घेतल्याखेरीज कोरफडीच्या उपयोगांचा इतिहास नीट उलगडत नाही.

प्राचीन व्यापार प्रामुख्याने चिकाचा होता. तो आटवून वा वाळवून केलेल्या काळसर खड्यांना मराठीत काळा बोळ किंवा एळिया म्हणतात. इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कॉरिडीझ याने त्याचे रेचक म्हणून व जखमांवरील उपयोग नोंदविले आहेत. त्याच शतकातील पेरिप्लस या प्रवासवर्णनात दक्षिण अरबस्तानातील काने बंदरातून धूपाबरोबर त्याची निर्यात होत असल्याचा उल्लेख आहे. सोकोत्रा बेटावरील बोळ उत्तम गणला जाई. तो ॲलो पेरायी या वेगळ्या जातीपासून मिळतो. पोर्तुगीजांनी हे बेट १५०७ मध्ये घेतले. गार्सिया द ऑर्ता याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या औषधिग्रंथात या द्रव्यावर स्वतंत्र संवाद असून त्यात सोकोत्राच्या मालास श्रेष्ठ ठरविले आहे. पुढे वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर लागवड वाढली. चिकातील ॲलोइन हे क्रियाशील द्रव्य एडिंबरो येथे १८५१ मध्ये वेगळे करण्यात आले.

भारतात सोळाव्या शतकातील भावप्रकाशात कुमारीचे गुण वर्णिले असून कुमार्यासव हे आयुर्वेदीय औषध आजही वापरात आहे. महाराष्ट्रात घरोघरी भाजलेल्या जागी गर लावतात, केसांच्या तेलात तो उकळतात आणि मुका मार वा सूज यांवर काळ्या बोळाचा लेप देतात.

गराकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वेधले ते १९३५ मध्ये. क्ष-किरणांमुळे झालेला त्वचाशोथ ताज्या पानाने बरा झाल्याचे वृत्त त्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९७० नंतर गर टिकविण्याच्या पद्धती प्रचारात आल्या आणि मलमे, साबण व केशधावने यांत तो सर्रास वापरला जाऊ लागला. सौम्य भाजण्यावर त्याचा लाभ होतो, असे काही चाचण्यांत आढळले आहे. मात्र १९९१ मधील एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा गरामुळे उशिरा भरल्या. म्हणून खोल जखमांवर तो लावणे इष्ट नव्हे.

अलीकडे पानाचा रस पिण्याची प्रथा पसरली आहे. संपूर्ण पान वाटून रस काढल्यास गराबरोबर चीकही पोटात जातो. पुरेशी सुरक्षाविषयक माहिती सादर न झाल्याने अमेरिकेत २००२ मध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीस वगळण्यात आले. संपूर्ण पानाचा अर्क दोन वर्षे पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात अर्बुदे आढळली; त्यामुळे त्याची गणना मानवात संभाव्य कर्करोगजनक पदार्थांत झाली आहे. गरोदरपणी चीक वर्ज्य मानतात. पान कापून काही वेळ उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा आणि मगच साल काढून गर घ्यावा, ही जुनी घरगुती रीत म्हणूनच शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरते.