रेखा, समीकरण आणि अक्षर

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. इसवी सनापूर्वीच्या त्या ब्राह्मीत 'क' म्हणजे परस्परांना छेदणाऱ्या दोन सरळ रेषा आणि 'ठ' म्हणजे एक वर्तुळ. आजच्या देवनागरीत 'ठ'चे वर्तुळ टिकून आहे; त्यावर केवळ दांडी व शिरोरेखा आली. 'क' मात्र ओळखू न येण्याइतका बदलला. या दोन अक्षरांच्या इतिहासातील फरक हाच अचूक रेखाटनासाठी रचलेल्या संगणकीय भाषांपुढील मूलभूत प्रश्न आहे : आकृतीतील काय शब्दबद्ध करावयाचे आणि काय मोकळे सोडावयाचे?

आकृती हाताने काढणे आणि आकृती सांगणे या भिन्न क्रिया होत. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ मधील 'स्केचपॅड'ने पडद्यावर काढलेल्या रेषांवर समांतरता, समानता अशी बंधने घालण्याची सोय केली. परंतु तेथे हात अद्याप रेखाटतच होता. ब्रायन कर्निगन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या 'पिक' या भाषेत चौकट, बाण, वर्तुळ हे शब्दच झाले. एकामागून एक उच्चारले की त्यांची स्थाने क्रमानेच ठरत. डोनाल्ड कनूथ यांची 'मेटाफॉन्ट' याहून पुढे गेली. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या कनूथ यांनी १९७७ मध्ये अक्षरजुळणीचे काम हाती घेतले, त्यातून ही भाषा निर्माण झाली. १९८४ मध्ये तिची पुनर्रचना झाली. तीत बिंदूंना नावे असतात आणि त्यांचे परस्परसंबंध समीकरणांनी मांडले जातात. अमुक बिंदू तमुक दोहोंच्या मध्यावर आहे, एवढे सांगणे पुरेसे. मोजमाप यंत्र काढते. विधाने परस्परविरोधी असतील तर ते हरकत घेते. याच पद्धतीवर जॉन हॉबी यांनी पुढे 'मेटापोस्ट' ही आकृत्यांची भाषा उभारली.

येथे सोस्यूर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत लेखनातील अक्षराचेच उदाहरण येते : एखादे अक्षर कसेही वळवले तरी चालेल, इतर अक्षरांशी त्याचा घोटाळा होता कामा नये. चिन्हाचे मूल्य भेदात असते. मेटाफॉन्टमधील अक्षरही संबंधांचेच बनलेले आहे. परंतु तेथील संबंध अक्षराच्या अंतर्गत आहेत, इतर अक्षरांपासूनच्या भेदाचे नाहीत. हा फरक सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे.

कनूथ यांनी १९८२ मध्ये 'व्हिजिबल लँग्वेज' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की एकाच आज्ञावलीतून, काही संख्या बदलून, अक्षरांची अगणित कुळे निर्माण करता येतात. त्यांच्या 'कॉम्प्युटर मॉडर्न' या अक्षरकुळाला असे ६२ घटक आहेत. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात डग्लस हॉफस्टॅटर यांनी उत्तर दिले : कोणत्याही अक्षराचे अक्षरत्व मर्यादित घटकांत सामावत नाही. विशेष असे की कनूथ यांच्या रचनेतच या आक्षेपाची खूण आढळते. रोमन लिपीतील लहान 'जी' या अक्षराच्या दोन घडणी संख्येच्या चढउताराने एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणून तेथे होकार-नकाराचा स्वतंत्र विकल्प ठेवावा लागला.

देवनागरीची परीक्षा याच ठिकाणी होते. पीयूष घोष यांनी भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेविषयीचा अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्ड येथे सादर केला. फ्रान्स वेल्थुइस यांनी ग्रोनिंगन येथे १९९१ मध्ये मेटाफॉन्टमध्ये देवनागरी सिद्ध केली. बोरूच्या कापाचा कोन, शिरोरेखेची जाडी, दांडीची उंची या गोष्टी संख्यांनी सांगता येतात. परंतु मराठी वळणाचा पाकळीयुक्त 'ल' आणि हिंदी वळणाचा दंडयुक्त 'ल' यांच्या मधोमध असलेला 'ल' कोणीही लिहीत नाही. तेथे संख्या नव्हे, निवड आहे. आणि निवडीमागे शाळा, छापखाना, शासन उभे असते. मराठी वळणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्र शासनाचा २००९ मधील निर्णय हा त्या निवडीचाच दस्तऐवज होय.

तात्पर्य, रेखाटनाची भाषा रचणारा केवळ साधन घडवीत नाही. कोणता फरक संख्येचा आणि कोणता व्यवस्थेचा, याचा निवाडा तो करीत असतो. आणि एकदा भाषेत नोंदला गेलेला निवाडा वापरणाऱ्यास निसर्गनियमासारखा भासू लागतो. ब्राह्मीतील 'ठ'पासून आजच्या 'ठ'पर्यंतचा मार्ग अशा भाषेत बऱ्याच अंशी लिहिता येईल. 'क'चा मार्ग लिहिण्यासाठी पिढ्यान् पिढ्यांच्या लेखकांचे हात, त्यांची घाई आणि त्यांची साधने यांचा इतिहास लागतो. समीकरण त्या इतिहासाची फलश्रुती नोंदवू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.