सिनेटचे बंद दार आणि मॅक्ले यांची रोजनिशी

१७८९ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेची पहिली काँग्रेस भरली. प्रतिनिधिगृहाचे कामकाज पाहण्यास लोकांना मुभा होती. सिनेटचे दार मात्र बंद. ते प्रेक्षकांसाठी उघडले थेट १७९५ च्या डिसेंबरात! अधिकृत इतिवृत्तात ठराव सापडतात, भाषणे नाहीत. मग आत कोण काय बोलले, हे कळते कसे?

मुख्यतः एका खासगी वहीमुळे. विल्यम मॅक्ले हे पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर. पेशाने वकील आणि जमिनीचे मोजणीदार. २४ एप्रिल १७८९ ते ३ मार्च १७९१ या काळात त्यांनी सभागृहात पाहिलेले आणि ऐकलेले लिहून ठेवले.

राष्ट्राध्यक्षांना भारदस्त किताब असावा, हा उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा हट्ट. मॅक्ले यांना त्यात राजेशाहीचा वास येई. (अखेर प्रतिनिधिगृहाच्या आग्रहामुळे साधे 'प्रेसिडेंट'च टिकले.)

पण या वहीतील सर्वांत मोलाचा प्रसंग २२ ऑगस्ट १७८९ चा. दक्षिणेकडील आदिवासी राष्ट्रांशी करावयाच्या तहाविषयी सल्ला घेण्यास वॉशिंग्टन स्वतः युद्धमंत्री नॉक्स यांच्यासह सिनेटमध्ये आले. रस्त्यावरील गाड्यांच्या खडखडाटात मसुदा नीट ऐकूही येईना. मॅक्ले यांनी संबंधित कागद वाचून दाखवण्याची मागणी केली, आणि विषय समितीकडे सोपवण्याची सूचना पुढे आली. वॉशिंग्टन संतापले. सोमवारी ते पुन्हा आले, संमती मिळाली. मात्र असा सल्ला मागण्यासाठी ते पुढे कधीही सिनेटमध्ये गेले नाहीत. राज्यघटनेतील 'सल्ला आणि संमती' या शब्दांपैकी पहिल्याचे वजन व्यवहारात घटले, त्याची सुरुवात इथे दिसते.

मॅक्ले निःपक्षपाती मुळीच नव्हते. संधिवाताने त्रस्त, स्वभावाने तिरसट. अ‍ॅडम्स आणि हॅमिल्टन यांच्यावर तर विशेष राग. माझ्या मते हा राग साधन म्हणून उपयोगीच आहे: प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी लोकांना नेमकी कशाची धास्ती वाटत होती, ते त्यातून कळते.

चिठ्ठ्या टाकून त्यांच्या वाट्याला दोनच वर्षांची मुदत आली होती. फेरनिवड झाली नाही. १८०४ मध्ये ते वारले. रोजनिशी संक्षिप्त रूपात छापली गेली १८८० साली, आणि अधिक विस्ताराने १८९० साली.

तिच्यातील एक पोकळी मात्र जिव्हारी लागते. सप्टेंबर १७८९ मध्ये सिनेटने नागरी हक्कांच्या १७ दुरुस्त्यांच्या १२ केल्या. धर्मविवेक, वृत्तपत्रे आणि ज्यूरीचा हक्क यांवर राज्यांनाही गदा आणता येऊ नये, हे मॅडिसन यांना सर्वांत मोलाचे वाटणारे कलम त्यातच गळाले. कोणत्या युक्तिवादाने? इतिवृत्त गप्प आहे, आणि त्या दिवसांत मॅक्ले आजारी होते.