बावीस फूट

मराठीत ‘उचलणे’ हे क्रियापद आपण किती सैल हाताने वापरतो! पोर कडेवर उचलायचे, बँकेतून कर्ज उचलायचे आणि रात्रीतून एखाद्या माणसालाही ‘उचलायचे’. कायद्याला हा सैलपणा परवडत नाही. माणसाला किती अंतर नेले म्हणजे ते अपहरण? अमेरिकेत या प्रश्नावर एकाचा जीव बारा वर्षे टांगणीला लागला होता.

त्याआधी १ मार्च १९३२ ची रात्र पाहू. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचे वीस महिन्यांचे बाळ न्यू जर्सीतल्या घरातून, शिडी लावून पळवले गेले. पन्नास हजार डॉलर खंडणी दिली गेली, पण १२ मे रोजी सापडला तो बाळाचा मृतदेह. पुढे १९३४ मध्ये ब्रूनो हाउप्टमान हा जर्मन सुतार पकडला गेला, आणि सरकारी पक्षापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. न्यू जर्सीच्या तेव्हाच्या कायद्यात अपहरणाला देहदंड नव्हता. गुन्हा करताना कुणी मेले तर तो आपोआप पहिल्या दर्जाचा खून ठरे; पण त्यासाठी तो मूळ गुन्हा ठरावीक यादीतला लागे. त्या यादीत घरफोडी होती, अपहरण नव्हते. मग वकिलांनी घरफोडीचा आधार घेतला. घरफोडी म्हणजे चोरीच्या इराद्याने घरात शिरणे. चोरी कशाची? तर बाळाच्या अंगावरच्या झोपायच्या कपड्यांची! वरच्या न्यायालयानेही हे मान्य केले आणि ३ एप्रिल १९३६ रोजी हाउप्टमानला विजेच्या खुर्चीत मृत्यू आला. मूल नेले याला कायद्यात पुरेसे वजन नव्हते, म्हणून अंगावरच्या कपड्यावर खटला तोलला गेला.

लोक खवळले होते. राज्याच्या सीमेपलीकडे माणूस पळवून नेणे हा जून १९३२ मध्ये केंद्रीय गुन्हा झाला; १९३४ मध्ये त्याला देहदंडाची जोड मिळाली. राज्याराज्यांनीही आपापले कायदे कडक केले. लोक त्यांना ‘छोटे लिंडबर्ग कायदे’ म्हणत. कॅलिफोर्नियाने १९३३ मध्ये आपले कलम इतके रुंद केले की खंडणी वा लुटीसाठी माणसाला नुसते धरून ठेवले तरी ते लागू व्हावे. त्यात इजा झाली तर देहदंड, नाहीतर मरेपर्यंत तुरुंग. रागाच्या भरात केलेला कायदा असाच असतो, शिवायला घेतला कुडता आणि झाला तंबू.

या तंबूत सापडला कॅरिल चेसमन. लॉस एंजेलिसच्या आडवाटांवर, थांबलेल्या मोटारींतल्या जोडप्यांना लुटणारा आणि बायकांवर अत्याचार करणारा गुन्हेगार म्हणून त्याला १९४८ मध्ये शिक्षा झाली. खून एकही नव्हता. एका बाईला तिच्या मोटारीतून आपल्या मोटारीपर्यंत नेले, ते अंतर होते बावीस फूट. अंतर किती हा मुद्दा नाही, जबरीने हलवले एवढे पुरे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी, १९५१ मध्ये, विधिमंडळाने कलम पुन्हा आवळले आणि ‘वाहून नेणे’ ही अट परत आणली. चेसमनला तिचा उपयोग झाला नाही.

चेसमनबद्दल पुष्कळ हळवे लिहिले गेले. त्याने कोठडीत पुस्तके लिहिली आणि जगभरातून दयेचे अर्ज गेले. मला लेखकांबद्दल साहजिकच ओढ आहे. तरी सांगतो, दुसऱ्या प्रकरणातली मुलगी सतरा वर्षांची होती आणि तिला मोटारीत घालून दूरवर फिरवले होते. तिच्या बाबतीत फूटपट्टीची गरजच नव्हती. तिचे दुःख आणि कायद्याची अतिव्याप्ती, दोन्ही खरे आहे. २ मे १९६० रोजी सॅन क्वेंटिन तुरुंगात, विषारी वायूच्या कोठडीत चेसमनचा अंत झाला.

शहाणपण नंतर आले. लुटताना खोलीतल्या खोलीत चार पावले हलवणे म्हणजे अपहरण नव्हे. हलवल्याने इजेचा धोका खरोखर वाढला पाहिजे, असे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९६९ मध्ये ठरवले. बळी जिवंत असेल तर अपहरणाला देहदंड नको, हे जॉर्जियातल्या एका प्रकरणात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले.

आपल्याकडे भारतीय दंडसंहितेत खंडणीसाठी अपहरणाचे कलम ३६४-अ आले १९९३ मध्ये. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेला धरून असल्याचे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० मध्ये आहे. पण २०२१ चा एक निकाल वाचण्याजोगा आहे. तेलंगणात एका रिक्षाचालकाने शाळकरी मुलगा पळवला, खंडणी मागितली, जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की नेणे आणि पैसे मागणे पुरेसे नाही. जिवाची किंवा इजेची धमकी, अथवा तशी खरी भीती वाटावी असे वर्तन, हेही सिद्ध व्हावे लागते. मुलानेच साक्षीत सांगितले होते की मला नीट वागवले. जन्मठेप रद्द झाली, आणि साध्या अपहरणाची सात वर्षे राहिली.